ज्यांनी तिची कामं पाहिली असतील

४ जानेवारी, रविवार

मुलगी आली. रुचिरा माळवदे, गाव मिरज, वय सत्तावीस. सामान म्हणजे एक सुटकेस, एक गुंडाळलेली गादी आणि रिक्षात मांडीवर धरून आणलेली तुळशीची कुंडी. तुळस बघून मला बरं वाटलं, तर बाईसाहेब लगेच म्हणाल्या, "काकी, ही सर्दीला चहात घालायला हं. मी पूजाबिजा काही करत नाही." म्हटलं, तुळशीला चालतंय ना, मग मला काय.

हे जाऊन मार्चमध्ये तीन वर्षं होतील. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर म्हणतात, एकट्या राहू नका. मुलाने, सुबोधने, मुलुंडला ये म्हटलं. पण तिथे त्यांचीच तीन माणसं दोन खोल्यांत, मी गेले तर प्रांजलने दहावीचा अभ्यास काय जिन्यात बसून करायचा? आणि घाटकोपर सोडून मला करमत नाही. चाळ पाडून ही सात मजली इमारत झाली तरी माणसं भटवाडीतलीच आहेत. म्हणून आतली खोली द्यायची ठरवली. एजंट चाचरत म्हणाला, "आजी, शूटिंगवाली मुलगी आहे, चालेल? त्यांना पटकन कुणी देत नाही." मला हसू आलं. आमच्या गावात दशावताराची मंडळी यायची तेव्हा त्यांना आपल्या पडवीत झोपवायला लोक भांडायचे. म्हटलं, पाठव.

विचारलं, कसली कामं करतेस गं? म्हणाली, "मोबाईलवर येतात ती. छोटी छोटी." माझ्या मोबाईलवर भजनं येतात आणि प्रांजलचे फोटो. पुढे विचारलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

पोरगी गुणाची आहे. भांडी रात्रीची रात्री घासते. माझ्या गुडघ्याला तेल लावायला आपणहून बसते.

आमचे पुरुष मात्र तिच्यापुढे फारच भिडस्त झालेत. विद्याधर, आमचा सेक्रेटरी, पाचव्या मजल्यावर राहतो. आज लिफ्टचं दार उघडलं, आत मी आणि रुचिरा. त्याने एक पाय आत टाकला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही जा, मी चालत येतो." पाच मजले! त्याचं पोट बघता चांगलंच आहे म्हणा. मार्तंडभाऊ आमचे चेअरमन, पंचाहत्तरीचे. ते तिला बघून खिशात कानाचं मशीन शोधायला लागले. मशीन कानातच होतं.

नटी बघितली की माणूस बावरतो, एवढंच. आपल्या इमारतीत आजवर कोण राहिलं तर बेस्टचे कंडक्टर आणि एलआयसीतले.

११ जानेवारी, रविवार

आज सुबोध, मृणालिनी आणि प्रांजल आली होती. मी खापरोळ्या केल्या होत्या. रुचिरा साडेअकराला उठून बाहेर आली, केस विस्कटलेले, अंगात एक ढगळ शर्ट. "नमस्कार, मी रुचिरा," म्हणाली. सुबोधच्या हातातला कप बशीत असा आपटला की चहा पँटवर. पोळलं असेल. उठला तो थेट मोरीत गेला आणि बराच वेळ नळ चालू.

बाहेर आल्यावर म्हणाला, निघू या. मृणालिनी म्हणाली, "अहो, आत्ता तर आलोय." "मला काम आहे." रविवारी बँकेत कसलं काम? प्रांजल रुचिराच्या नखांना रंग कुठला विचारत बसली होती, तिला दंडाला धरून उठवलं. मृणालिनी त्याच्याकडे बघत राहिली, मग रुचिराकडे. मग म्हणाली, "आई, उरलेल्या खापरोळ्या डब्यात द्या."

१२ जानेवारी, सोमवार

सुबोधचे दिवसभरात चार फोन. "आई, ती मुलगी बरी नाही. तिला काढ."

"काय झालं? काही बोलली का तुला?"

"बोलली नाही. मला समजतं माणूस."

"एका नमस्कारात?"

"आई, तू ऐक ना माझं. प्रश्न विचारू नकोस."

मला वाटतं त्याच्या मनाला लागलंय. आईच्या गुडघ्याला तेल कुणी परकी मुलगी लावते आणि आपण मुलुंडात. लहानपणीही शेजारच्या पोराला मी पेज वाढली की हा रुसायचा. पोटात माया असली की माणूस वाकडं बोलतो. पण म्हणाला, "ती असेपर्यंत प्रांजलला मी पाठवणार नाही." हे लागलं मला. दिवसभर घरातल्या घरात फेऱ्या मारल्या, गुडघा ओरडेपर्यंत.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. मी विधवा, पण आमच्याकडे तो मान-अपमान आता कुणी काढत नाही, मीच सगळ्यांना बोलावते. रुचिराने दारात रांगोळी काढली, पतंगांची. बायका तिच्यावर खूश. विद्याधरची बायको शर्मिष्ठा तिला म्हणाली, "तुम्ही ओळखीच्या का वाटता हो?" रुचिरा म्हणाली, "माझा चेहराच तसा आहे, सगळ्यांना ओळखीचा वाटतो."

तेवढ्यात मला कल्पना सुचली. सव्वीस जानेवारीला आपल्या सोसायटीचा सत्यनारायण. दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार करतो. यंदा या मुलीचा का करू नये? आईबापापासून लांब राहते, कुणी पाठीवर हात ठेवला तर तिलाही हुरूप येईल. शाल माझ्याकडे आहे, कोरी.

१७ जानेवारी, शनिवार

सूचना लिहून फळ्यावर लावली. सोसायटीचं मराठी लिखाण माझ्याकडेच असतं. शाळा चौथीपर्यंतच, पण पापड लाटता लाटता पुड्यांचे कागद वाचून जे अक्षर कमावलं ते अख्ख्या इमारतीत कुणाचं नाही. लिहिलं ते असं:

"आपल्या इमारतीत राहावयास आलेल्या अभिनेत्री कु. रुचिरा माळवदे यांचा सत्यनारायणाच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येईल. ज्यांनी त्यांची कामं पाहिली असतील त्यांनी दोन शब्द बोलावेत. नावे श्रीमती सुलक्षणा मेस्त्री, ३०२, यांच्याकडे द्यावीत."

संध्याकाळी बघते तर कागद नाही. पोरांचा चेंडू लागला असेल.

१८ जानेवारी, रविवार

पुन्हा लावली, चार टाचण्या मारून. यावेळी रुचिराने पाहिली. धावत वर आली, रंग उडालेला. "काकी, ते काढा. प्लीज काढा."

"लाजतेस काय गं? चांगलं काम करणाऱ्याने लाजू नये."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पायात चप्पल न घालता खाली गेली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत चुरगळलेला कागद होता आणि बोटाला टाचणी लागली होती. खोलीत जाऊन दार लावलं. जेवायलाही आली नाही.

एकही नाव आलेलं नाही. अठ्ठावीस घरांत एकाने तिचं काम बघू नये? आपल्या लोकांना आपल्या माणसाची किंमत नाही, हेच खरं.

२० जानेवारी, मंगळवार

कमिटीची सभा झाली, मीटरच्या खोलीशेजारच्या ऑफिसात. मी बायकांच्या राखीव जागेवरची सभासद आणि सभेचं इतिवृत्तही मीच लिहिते. तीन नंबरचा विषय आला तसा विद्याधर पेनाचं टोपण उघड-बंद करायला लागला.

"काकी, राग मानू नका हां. तुमच्याकडच्या मुलीबद्दल तक्रार आहे."

"कुणाची?"

"बऱ्याच जणांची."

"नावं सांग, लिहिते. नाव नसलेली तक्रार घ्यायची नाही हा नियम तूच केलास ना, कबुतरांच्या भानगडीत?"

"तक्रार अशी की... तिची कामं बरी नाहीत."

"कुणी पाहिली?"

मार्तंडभाऊ म्हणाले, "पाहिली असं नाही वहिनी. कानावर आलं." कुणाकडून, तर त्यांनी विद्याधरकडे बघितलं, विद्याधरने खजिनदाराकडे, आणि खजिनदार म्हणाला, "बाहेर चर्चा आहे."

"बाहेरचा माणूस सभासद नाही. त्याची तक्रार लिहिता येत नाही," मी म्हटलं. मला त्यांची कीव आली, म्हणून समजावलं, "हे बघा, कामं बरी नाहीत म्हणजे काय, सुरुवातीला सगळेच आखडतात. चारचौघांसमोर उभं राहायचं म्हणजे खायचं काम आहे का? करता करता अंग मोकळं होईल तिचं."

मार्तंडभाऊंना असा ठसका लागला की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मी लिहिलं: "विषय क्र. ३. तक्रार आहे. तक्रारदार नाही." विद्याधरचा चेहरा लाल. त्याने फायलीतून कागद काढला. भाडेकरूच्या फॉर्मवर सहसभासदाची सही नाही म्हणाला. घर माझ्या नावावर असलं तरी दुसरं नाव सुबोधचं आहे. महिनाअखेर त्याची सही आली नाही तर खोली रिकामी करावी लागेल. सत्कार "वेळेअभावी" रद्द.

सुबोधला फोन केला. म्हणाला, "मी सही करणार नाही. विद्याधरचा फोन आला होता मला." मग याला आधीच माहीत होतं तर!

एका पोरीच्या डोक्यावरचं छप्पर, आणि सगळे मिळून ढकलताहेत. का ढकलताहेत ते कुणीच सांगत नाही. रुचिराला काय तोंडाने सांगू?

२१ जानेवारी, बुधवार

लवूने सांगितलं. आमचा वॉचमन, कुडाळकडचा, पन्नाशीचा माणूस. मी गेटपाशी बाकावर बसले होते. त्याला म्हटलं, लवू, तुला तरी काही ठाऊक आहे का रे?

तो पाण्याच्या पंपाकडे बघत म्हणाला, "काकी, तुमका खरांच म्हायत नाय?"

"काय?"

"ता चेडू... तसल्या पिक्चरात काम करता. मोबाईलवरच्या. कपडे नसतत, तसल्या." मग घाईघाईने, "आता तुमका राग येतलो. पण हयल्या सगळ्यांनी बघलेलां आसा. रिचार्ज मारलो की ता ॲप फुकट गावता. दूध मागवूचा ॲप, भाजीचा ॲप, तसांच ह्यां एक."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"माका नावां इचारू नकात. मिया पण बघलंय. खोटां कशाक बोलू? पण पोरगी बरी आसा काकी. येता-जाता माका 'जेवलात?' म्हणून इचारता. माका तर तेच्याकडे बघूकच जमणा नाय."

एकेक गोष्ट आठवायला लागली. लिफ्ट. कानाचं मशीन. माझी सूचना! दोन शब्द बोलावेत! माझ्याकडे नावं द्यावीत! आणि त्या सभेत मी काय बोलले, अंग मोकळं होईल म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग चहाचा कप आठवला. मोरीतला नळ. तिथे माझं डोकं थांबलं ते थांबलंच.

२३ जानेवारी, शुक्रवार

काल लिहवलं नाही. परवा रात्री तिच्याशी धड बोललेही नाही. काल दुपारी ती मटार सोलत होती, शेजारी जाऊन बसले.

"कपडे काढतेस?" मी सरळ विचारलं.

तिचे हात थांबले नाहीत. "हो."

"सगळे?"

"काकी, कॅमेऱ्याला वाटतं सगळे."

मला हसू यावं की रडू, कळेना. ती म्हणाली, "मला वाटलं एजंटने सांगितलंय. मग वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही मोठ्या मनाच्या. ती नोटीस बघितली तेव्हा कळलं, तुम्हाला काहीच माहीत नाही. त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. पण इथून निघाले की चौथी खोली, काकी. एका वर्षात."

पहिल्यांदा कसं झालं तेही सांगितलं. दोन वर्षं अंधेरीला ऑडिशन देऊन देऊन थकली होती. एक काम मिळालं, कागदावर सही केली, आणि सेटवर गेल्यावर सांगितलं की आज सीन बदललाय. "पण ते पहिलं. नंतरची मीच केली. रडगाणं नाही सांगत तुम्हाला. महिन्यातले चार दिवस ते, बाकीचे दिवस रांगेत उभं राहणं."

"भीती वाटत नाही?"

"तिथे नाही वाटत. तिथे दहा माणसं असतात, लाइटवाला जांभया देत असतो. भीती नंतर. केमिस्टकडे गोळ्या घ्यायला उभी असते, समोरचा बघतो, आणि मला कळतं. त्याला मी ठाऊक. मला तो नाही."

मी खरं ते सांगितलं. मला हे काम आवडलेलं नाही. माझी लेक असती तर मी पाय धरून अडवलं असतं. ती म्हणाली, "नका आवडू. पण दया म्हणून ठेवू नका. जा म्हणा, जाते."

जा म्हणवलं नाही. पण "राहा"सुद्धा तोंडातून निघालं नाही. मटार तेवढे सोलून झाले.

२४ जानेवारी, शनिवार

झोप नीट लागत नाही. जुनं आठवतंय. चाळीत असताना सत्यनारायणाला पुरुषमंडळी भाड्याचा व्हिडिओ आणायची. देवाधर्माची एक कॅसेट, मारामारीची एक आणि पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली तिसरी. बायकापोरं निजली की खोली नंबर अकराचं दार आतून बंद. आम्हा बायकांना ठाऊक असायचं. आवाज एकदम बारीक झाला की आम्ही एकमेकींना कोपर मारून हसायचो. हेही जायचे. गिरणी बंद पडल्यानंतरच्या त्या दिवसांत तर जास्तच. मी कधी बोलले नाही. म्हटलं, बसू दे घटकाभर, दिवसभर घरी बसून माणूस वेडा होईल.

त्या पडद्यावरच्या बायकांचा मी कधी विचार केला नाही. त्या गोऱ्या, लांबच्या. त्यांना भूक लागत असेल, ताप येत असेल, त्यांनाही राहायला खोली लागत असेल, हे मनात आलं नाही. आता ती बाई माझ्या मोरीत कपडे धुते, एवढाच फरक. की माझ्या मनातून तेव्हाच काहीतरी निसटलं होतं?

आणि नुसतं तेच कशाला. या इमारतीचं चकचकीत पुस्तक बिल्डरने वाटलं होतं, त्यावर टबात बसलेली बाई, खांद्यावर फेस. विद्याधरने घरोघर नेऊन दिलं ते. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. टब तर कुणालाच मिळाला नाही. बाईला बघून सह्या मात्र सगळ्यांनी केल्या.

सुबोधला निरोप ठेवला: सव्वीसला पूजेला ये. एकटा आलास तरी चालेल.

२६ जानेवारी, सोमवार

पूजा गच्चीवर झाली. रुचिरा येत नव्हती. मी म्हटलं, "प्रसाद देवाचा आहे, कमिटीचा नाही." आली, साधा पिवळा ड्रेस घालून. तिने तीर्थाला हात पुढे केला तशी पुरुषांची अख्खी रांग आपापल्या पायांची बोटं बघायला लागली. मला आता सगळं दिसत होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं. शर्मिष्ठाने तिला प्रसाद दिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. विद्याधर लाउडस्पीकरची वायर तपासत होता. वायरीला काही झालं नव्हतं.

सुबोध बाराला आला. एकटाच. त्याला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले. त्याच्या हातात शिऱ्याचा द्रोण तसाच.

"सही कर," मी म्हटलं.

"आई, तुला नाही कळणार."

"मला कळलंय. लवूने सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तिचं. आणि स्वतःचं. तो म्हणाला, मी बघितलंय. तुझ्यासारखं, पोरगी बरी नाही, असं नाही म्हणाला."

माझा मुलगा पंचेचाळीस वर्षांचा आहे. टाकीला टेकून असा उभा राहिला जसा सातवीत गणितात नापास होऊन उभा होता. "सगळेच बघतात गं," म्हणाला. "यात काय नवीन आहे?"

"नवीन काहीच नाही. तुझे बाबाही बघायचे. पण सगळ्यांनी बघायचं आणि सगळ्यांनी मिळून तिलाच काढायचं, हे कुठलं?"

"आणि प्रांजलचं काय? ती पंधरा वर्षांची आहे. उद्या वर्गातल्या एखाद्या पोराने मोबाईल पुढे केला, ही तुझ्या आजीकडे राहते ना, म्हणाला. मग? काय सांगू मी तिला?"

खोटं कशाला लिहू, त्याचं हे मला खरं वाटलं.

खाली कुठेतरी झेंड्याची गाणी चालली होती. मग तो अगदी हळू म्हणाला, "मला तिच्यासमोर बसवत नाही, आई. ती नमस्कार म्हणाली ना, मला वाटलं, हिला सगळं दिसतंय. मी कसा बसलेला असतो, कुठे बसलेला असतो. सगळं."

"म्हणजे तिला तू दिसलास," मी म्हटलं, "म्हणून तिने जायचं?"

त्याने द्रोण माझ्या हातात दिला आणि जिन्याने उतरून गेला. लिफ्टची वाटही पाहिली नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

फोन नाही. मी केला नाही. तीनदा मोबाईल हातात घेतला आणि ठेवला. रुचिराने सुटकेस पलंगाखालून काढून भिंतीला लावून ठेवलीय. उघडलेली नाही, पण काढून ठेवलीय. ती सुटकेस मला येता-जाता दिसते.

माझं चुकतंय का? एका परक्या मुलीसाठी मुलगा, नात सगळं तोडून बसेन? असंही मनात येतं. मग ती "काकी, गोळी घेतली का?" म्हणत आतून येते आणि मला माझीच लाज वाटते.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी साडेदहाला बेल वाजली. मी आंघोळीला होते. दार रुचिराने उघडलं. मोरीतून मला आवाज ऐकू येत होते आणि मी अंग न पुसता, साबण तसाच ठेवून ऐकत होते.

"काकी आंघोळ करतायत. बसा."

खुर्ची ओढल्याचा आवाज. मग सुबोध: "तो फॉर्म... भाडेकरूचा. आहे का इथे?"

"टीव्हीखाली आहे."

मी साडी कशीबशी गुंडाळून बाहेर आले. तो टेबलावर वाकून लिहीत होता, चष्मा नाकाच्या टोकावर. ती भिंतीला टेकून उभी, हाताची घडी. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

"तुमचं पूर्ण नाव?" त्याने विचारलं. मान खालीच.

"रुचिरा अशोक माळवदे."

त्याने ते जपून लिहिलं. जन्मतारीख, मूळ गाव, आधारचा नंबर. पुढचा रकाना आला, व्यवसाय. पेन थांबलं. त्याचा कान लाल झालेला मला मागून दिसत होता. मला वाटलं, उठतो आता.

रुचिरा म्हणाली, "अभिनय."

तो हलला नाही.

"लिहा ना. अभिनयच आहे तो. तुम्हाला काय वाटलं, मला तिथे मजा येते?"

त्याने वर पाहिलं. पहिल्यांदा. मग "अभिनय" लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. उठला. "तुम्हाला काही त्रास झाला इमारतीत, कुणाचा, तर मला सांगा," तिला म्हणाला. नंबर काही दिला नाही, आणि तिनेही मागितला नाही. चहा न घेता गेला. दारात मी विचारलं, प्रांजल? म्हणाला, "बघतो. परीक्षा आहे." परीक्षेचं निमित्त की खरं, कळलं नाही.

फॉर्म मी स्वतः विद्याधरच्या घरी नेऊन दिला आणि पोच घेतली. सही शर्मिष्ठाने केली पोचेवर. विद्याधर आत होता म्हणे.

दुपारी मृणालिनीचा फोन. "सही झाली का?" एवढंच विचारलं आणि झाली म्हटल्यावर ठेवला. तिला सहीचं कुणी सांगितलं कोण जाणे. सुबोध घरी असलं काही बोलणारा नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रुचिरा आज सातला निघाली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा विचारलं, "आज काय काम?"

ती चप्पल घालता घालता थांबली. "आज मेलेली बाई आहे. खून झालेली. पोलिसांची सिरियल, टीव्हीवरची. चार तास नुसतं पडून राहायचंय."

"खरं?"

"सांगितलंय तसंच. तिथे गेल्यावर काय निघेल ते गेल्यावर."

"वेगळं निघालं तर?"

"नाही म्हणता आलं तर म्हणेन."

"आणि म्हणता नाही आलं तर?"

"काकी, लिफ्ट आली."

"थांब जरा. मेलेलीला डबा लागतो का?"

ती मोठ्याने हसली. "लागतो तर! उपाशी असलं की पोटात गुरगुरतं, कॅमेऱ्यात पोट हलताना दिसतं." घाईघाईने चार घावणे आणि चटणी बांधून दिली. लिफ्ट निघून गेली होती, दुसरी येईपर्यंत दोघी दारात उभ्या राहिलो.

दोन वाजता फोन करते म्हणाली होती. आता पावणेपाच झालेत. मी केला तर बंद लागतो. शूटिंगला बंद ठेवायला लावतात, ठाऊक आहे मला. भाजी निवडली, पुन्हा निवडली. लिफ्टचा आवाज आला की दाराशी जाते.

मघाशी विद्याधर निघाला लिफ्टमधून, तिसऱ्या मजल्यावर कशाला थांबला कोण जाणे. मला दारात बघून म्हणाला, "कुणाची वाट बघताय काकी?"

म्हटलं, "रुचिराची. कामावरून यायची आहे."